नाक्याच्या पेटीवरच्या कुलपाचा जबाब

मित्रांनो, जरा लांबच उभे राहा. राग मानू नका. मी एक जुने कुलूप आहे आणि जवळ येणाऱ्या प्रत्येकावर संशय घेणे हा माझा धंदाच आहे. डॉक्टरपुढे जीभ दाखवावी लागते, तसे माझ्यापुढे हात दाखवावे लागतात. शिवाय एका कुलपाची गोष्ट ऐकायला तुम्ही आपण होऊन का आला आहात, हेही मला नीट कळलेले नाही. पण आलाच आहात तर सांगते.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. ज्या कारागिराने मला घडवले, त्याने मला बंद करून ओढून पाहिले, झटकून पाहिले आणि शेवटी फरशीवर आपटून पाहिले. म्हणजे जगातला पहिला संशय माझ्यावरच घेतला गेला. पुढे जन्मभर मी तो इतरांना वाटत राहिले. माझ्याबरोबर एकच किल्ली आली. दुसरीही होती म्हणतात. ती कोणाकडे आहे, याचा विचार मी अजून करते.

आदिलाबादच्या बाजारातून मला एका कापसाच्या गोदामवाल्याने नेले. तिथले दिवस मोठे चांगले गेले. मालकाला हमालांवर संशय, हमालांना मालकाच्या काट्यावर संशय आणि दोघांना मिळून कापसातल्या ओलीवर संशय. अशा घरात कोणतेही कुलूप सुखाने वाढेल. गोदाम विकले गेले तेव्हा मी चंपतरावांकडे आले. त्यांचे किराणा दुकान पैनगंगेच्या काठावरच्या गावात आहे. नदीपलीकडे महाराष्ट्र, अलीकडे तेलंगण. घरात मराठी, शाळेत तेलुगू आणि परक्या व्यापाऱ्याशी हिंदी. त्यामुळे आमच्याकडे एकाच माणसावर तीन भाषांत संशय घेता येतो.

चंपतराव मला लावत, ओढून पाहत, कोपऱ्यापर्यंत जात आणि परत येऊन पुन्हा ओढून पाहत. प्रेम म्हणतात ते हेच असावे, असे मला वाटे.

आता दादाजींबद्दल सांगितले पाहिजे, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचे तुम्हाला पटणार नाही. दादाजी गावातले शेतकरी. बोलणे कमी, मिशा भरपूर. तेव्हा आमच्या गावात दिवाळीनंतर दंडार व्हायची, म्हणजे नाचगाण्याचा आणि सोंगांचा खेळ. त्यात चोराचे सोंग दादाजींचे. गावचा रिवाज असा की, चोराचे सोंग घेणाऱ्याने गावातली एखादी वस्तू खरोखरच उचलायची. खेळ संपून आरती झाली की सगळ्या खेळकऱ्यांदेखत ती ज्याची त्याला परत करायची. तोवर त्याने कोणाला सांगायचे नाही. आरतीआधी सांगितले तर सोंग मोडले, आणि मोडलेले सोंग गावाला चांगले नसते म्हणतात.

एका वर्षी दादाजींनी मलाच उचलले. चंपतरावांनी त्या वर्षी दंडार पाहिली नाही. ते दुकानाच्या दाराला पाठ लावून बसून राहिले. आरती झाल्यावर दादाजींनी धोतराच्या ओच्यातून मला काढले आणि त्यांच्या हातात ठेवून म्हणाले, "घ्या. चोरी फिटली." सगळे हसले. मी हसले नाही. खुद्द कुलूपच चोरून नेणारा माणूस मी विसरत नसते.

पुढे गावात डीजे आला आणि दंडार बंद पडली. दुकानाला शटर आले आणि मी बंद पडले. शटरला नवे चकचकीत कुलूप लागले. मला खिळ्याला टांगून चंपतराव म्हणाले, "राहू दे, कामी पडन." असे म्हणून ज्याला टांगतात ते कधीच कामी पडत नाही. मला गंज चढला. ओढून पाहणारे कोणी उरले नाही. कुलपाला याहून मोठा अपमान नाही.

मला खिळ्यावरून उतरवले ते हर्षालीने, चंपतरावांच्या मुलीने. ती आदिलाबादला डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिला हैदराबादला चित्रपटाचे शिक्षण घ्यायला जायचे होते. तिथल्या संस्थेने प्रवेशासाठी स्वतः केलेला एक छोटा चित्रपट मागितला होता. तो सोमवारपर्यंत पाठवायचा होता. चंपतरावांचा तोडगा तयार होता.

"बी.एड.चा फॉर्म आणून ठेवला म्या," ते म्हणाले. "सोमवारपोतर पिच्चर गेला त जाय हैदराबादले. नाई गेला त मास्तरीन हो अन् गपचूप पोरं शिकव."

"अन् पिच्चर चांगला झाला त?"

"चांगला कायले पाह्यजे? झाला पाह्यजे."

त्या क्षणापासून हर्षालीचे सगळे आयुष्य सोमवारला टांगले गेले, जसे मी खिळ्याला टांगलेले होते.

चित्रपट ऐतिहासिक आणि रहस्यमय होता. ऐतिहासिक यासाठी की, जुने कपडे घरोघरी मिळतात. रहस्यमय यासाठी की, मारामारीला पैसे पडतात आणि संशयाला पडत नाहीत. निजामाच्या काळात आमच्या नदीकाठी करोडगिरीचा नाका होता, असे म्हातारी माणसे सांगतात. नदी ओलांडून येणाऱ्या मालावर तिथे जकात घेत. कथा अशी: नाक्यावर एक पेटी जप्त होते. तिला मी लागते. सकाळी पाहतात तर कुलूप शाबूत आणि पेटी रिकामी. चोर तिघांपैकी एक: नाकेदार, चौकीदार, नाही तर नाक्यावर भाकरी आणून देणारी बाई. मला या कथेत एक मोठी खोट दिसत होती. माझ्या पहाऱ्यात असे घडणे शक्यच नाही. पण कथेबद्दल कुलपाचे मत कोण विचारतो?

नाकेदार झाले चंपतराव, कारण लग्नातल्या बँडवाल्याचा जो कोट उसना मिळाला, तो त्यांनाच बसला. चौकीदार झाले दादाजी, कारण धोतर, काठी आणि मिशा त्यांनी घरून आणल्या. भाकरीवाली झाल्या शेजारच्या बयनाबाई. पेटी त्यांच्या माहेरची होती, आणि पेटी जिथे जाईल तिथे आपण जाणार, असे त्यांनी आधीच सांगून टाकले होते. कॅमेरा म्हणजे प्रवीणचा फोन. प्रवीण हर्षालीच्या वर्गातला मुलगा. त्याच्या घरची वांग्या-टमाट्यांची वाडी आहे.

गावाबाहेरचे रिकामे गोदाम नाका झाले. विजेचा खांब कडब्याच्या पेंढ्यांनी झाकला. पाण्याची उंच टाकी झाकण्याएवढा कडबा गावात नव्हता, म्हणून त्या बाजूला कॅमेऱ्याने पाहायचेच नाही असे ठरले. इतिहास असाच लिहितात, असे मी ऐकून आहे.

पहिल्या दिवशी अडचण आली ती चेहऱ्यांची. तिघांचेही चेहरे निष्पाप. चंपतराव पेटीकडे पाहत ते तुरीच्या डाळीकडे पाहावे तसे. बयनाबाई कॅमेऱ्याला हसून "जेवले का?" विचारत. असा नाका पाहून कोणाला कसला संशय येणार? तेव्हा हर्षालीने एक युक्ती केली. मी तिच्या पिशवीत होते, म्हणून मला सगळे ऐकू आले.

तिने आधी वडिलांना कडब्याच्या गंजीमागे नेले. "बाबा, कोणाले सांगू नका. चोर तुमीच हाय."

चंपतरावांनी दचकून इकडे तिकडे पाहिले. "तुले कोण सांगतलं?"

"पिच्चरमंधी, बाबा."

"हां. पिच्चरमंधी," ते म्हणाले आणि त्यांनी कोटाची बटणे लावली.

मग बयनाबाईंना नेले. "काकू, चोर तुमीच. दुसऱ्या कोणाले माहीत नाई."

"मी त भाकर आणते फक्त."

"म्हणूनच. तुमच्यावर कोणाले संशय येत नाई."

बयनाबाईंनी जरा विचार केला. "मंग मले लुगडं चांगलं पाह्यजे. एवढी चोरी करणारी बाई फाटक्या लुगड्यात काऊन राहीन?"

शेवटी दादाजींना नेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. "चोरलं काय म्या?"

"ते शेवटी कळन, दादाजी."

"खेळ संपेपोतर बोलाचं नाई ना?"

"कोणालेच नाई."

"बरं," दादाजी म्हणाले.

त्यांचे ते "बरं" ऐकून माझ्या पोटातले लिव्हर जागच्या जागी हलले. पण पिशवीतल्या कुलपाचे कोण ऐकतो?

युक्ती अशी लागू पडली की विचारू नका. दुसऱ्या दिवसापासून चंपतराव नुसता चहा प्यायले तरी चोरासारखे प्यायचे. बयनाबाई भाकरी वाढताना पदर सावरून मागे पाहायच्या. दोघेही एकमेकांकडे दयेने पाहत, की बिचाऱ्याला काही माहीत नाही. चंपतरावांना नाकेदार म्हणून एकच हिंदी वाक्य होते, "यह संदूक किसके हुक्म से खोला?" ते दरडावून म्हणायचे होते. पण ते इतके घाबरत घाबरत म्हणाले की, प्रवीणने कॅमेऱ्यामागून अंगठा वर करून शाबासकी दिली. दादाजींच्या चेहऱ्यावर मात्र काहीच दिसेना. जुना सोंगाड्या तो. मी त्यांच्यावरून नजर काढली नाही.

एका माणसाला मात्र हर्षालीने काहीच सांगितले नव्हते. तो प्रवीण. तो उन्हात उभा राहून चित्र घेई, आणि घेता घेता मस्करी करी.

"फोन माह्या, हात माह्या, उन्हात करपून राह्यलो मी. अन् पिच्चर तुह्यावाला कसा?"

सगळे हसले. हर्षाली हसली नाही. त्या संध्याकाळी तिने त्याच्या फोनमधून मेमरी कार्ड काढून घेतले.

"माह्याच फोनातलं कार्ड मलेच देत नाई?"

"तुले देलं त सकाळपोतर साऱ्या ग्रुपवर फिरन. नाई त कोणाच्या नावानं कुठं जाईन, काय सांगावं."

"अन् तुह्याजवळ राह्यलं त?"

"माह्याजवळ नाई, पेटीत राहीन. कुलूप हाय."

मित्रांनो, किती वर्षांनी कोणीतरी माझे नाव असे भरवशाने घेतले. खरे सांगते, मला प्रवीणवर काडीचा संशय नव्हता. पण मला पुन्हा काम मिळाले होते, म्हणून मी गप्प राहिले. तशी मी नेहमीच गप्प असते. रोज संध्याकाळी कार्ड पेटीत जाई, मी पेटीला लागे, आणि हर्षाली मला ओढून पाही. बापाच्या हाताची सवय लेकीच्या हातात बरोबर उतरली होती.

शनिवारी संध्याकाळी एकच दृश्य उरले. किल्ली लागते, मी उघडते, पेटी उघडते आणि चोर कळतो. ते रविवारी घ्यायचे आणि सोमवारी पहिल्या बसने कार्ड घेऊन आदिलाबादला जायचे, असा बेत होता. तिथे मैत्रिणीच्या लॅपटॉपवर तुकडे जोडून चित्रपट पाठवायचा होता. हर्षालीने नेहमीप्रमाणे कार्ड पेटीत ठेवले, मला लावले, ओढून पाहिले आणि किल्ली पेटीच्या झाकणावर ठेवून बँडवाल्याच्या कोटाची घडी घालायला ती वळली. बयनाबाई भाकरीचे टोपले उचलत होत्या. चंपतराव मिशांचा डिंक खरवडत होते. प्रवीण फोन उभा करायच्या विटांचा ढीग लावत होता. दादाजी पेटीजवळून गेले, आणि गेल्यावर झाकणावर किल्ली नव्हती. वाऱ्याने पान हलावे एवढाही आवाज झाला नाही. कामात सफाई होती, हे मी शत्रू असूनही मान्य करते.

मी सगळे पाहिले होते. मला तोंडही आहे. पण ते किल्लीशिवाय उघडत नाही.

किल्ली चंपतरावांनी उचलली असेल, असे समजून हर्षाली त्या संध्याकाळी घरी गेली होती; रविवारी सकाळी किल्ली कोणाकडेच नाही हे कळले आणि शोधाशोध सुरू झाली. कडबा झटकून झाला, टोपले पालथे घालून झाले. आदिलाबादच्या किल्लीवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, मंगळवारी येतो, नाही तर कुलूप इकडे आणा. कुलूप नेण्यासाठी ते आधी पेटीवरून निघायला हवे, हे त्याला समजावता समजावता फोन कटला.

मग हर्षालीने एकेकाला बाजूला नेऊन विचारायला सुरुवात केली, आणि तिथेच बिघडले. चंपतरावांना विचारले तर ते घामाघूम. बयनाबाईंना विचारले तर त्या पदर तोंडात धरून जमिनीकडे पाहू लागल्या. दोघांनाही वाटले, चित्रपटातले बिंग फुटले. दादाजी "नाई सांगत" म्हणाले आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळत बसले. आता दादाजी कशाचेच उत्तर सरळ देत नाहीत, म्हणून तेही कोणाला खटकले नाही. राहिला प्रवीण. त्याचा चेहरा तेवढा स्वच्छ होता. आणि ज्याच्यावर काहीच दिसत नाही तोच पक्का चोर, हे तर हर्षालीच्या कथेचे तत्त्वच होते.

"प्रवीण, किल्ली दे."

"कोणती?"

"पाह्य, कसा बोलून राह्यला. कोणती म्हणे."

"हर्षाली, वाडीत वांगे तोडाचे सोडून इथं आलो मी. तुह्या किल्लीचं काय करू, भाजी करू?"

"पिच्चर तुह्यावाला हाय म्हणून तूच म्हणे ना?"

"मस्करी केली व."

"मस्करीतच खरं निंगते."

प्रवीणने विटांवरचा फोन उचलून खिशात घातला. "चोर म्हण मले, साऱ्या गावात सांग. पण तुह्या पिच्चर तुलेच मुबारक," असे म्हणून तो निघून गेला. आता पेटीत कार्ड होते, पण किल्ली नव्हती. आणि किल्ली मिळाली असती तरी कॅमेरा नव्हता.

दुपारी चंपतराव हातोडा घेऊन आले.

"बाबा, कुलूप फुटलं त पिच्चर गेला," हर्षाली म्हणाली. "साऱ्या पिच्चरमंधी कुलूप शाबूत दिसते. गोष्टच तेवढी हाय."

"अन् नाई फुटलं त कार्ड गेलं. काईतरी जाणारच, पोरी. कार्ड त वाचन." मग जरा हळू आवाजात म्हणाले, "बी.एड. काई वाईट नाई."

हर्षालीने तोंड फिरवले. चंपतरावांनी हातोडा उचलला, आणि जन्मभर ज्याने मला ओढून पाहिले त्याच हाताने माझ्यावर घाव घातला. माझ्या कानशिलावर पोचा पडला. मी उघडले नाही. दुसऱ्या घावाला हातोडा वर गेला तेव्हा बयनाबाई मध्ये पडल्या.

"थांबा. माह्या माहेरची पेटी मोडसान." त्या पेटीला धरून उभ्या राहिल्या. "आता सांगूनच टाकते. चोर मी हाय. पण देवाशप्पथ, किल्ली म्या नाई घेतली."

चंपतरावांचा हातोडा खाली आला. "तुमी कशा चोर? चोर त मी हाय."

"तुमी?"

"मले पोरीनं सांगतलं."

"अवो, मले बी पोरीनंच सांगतलं."

दोघांनी हळूहळू हर्षालीकडे पाहिले. मित्रांनो, पकडल्या गेलेल्या चोराचे तोंड कसे होते ते मी गोदामावर असताना पुष्कळदा पाहिले होते. दिग्दर्शकाचे तसे झालेले तोंड पहिल्यांदाच पाहिले.

"तुमचे चेहरे साधे दिसत होते," ती म्हणाली.

"म्हणजे मी काईच चोरलं नाई?" चंपतरावांनी विचारले. त्यांच्या आवाजात सुटका कमी आणि नाराजी जास्त होती. "आठवडाभर गिऱ्हाइकाच्या डोळ्याले डोळा नाई लावला म्या."

बयनाबाई दादाजींकडे वळल्या. "दादाजी, तुमाले बी सांगतलं का हिनं?"

दादाजींनी खर्रा गालात सरकवला. "खेळ संपला नाई अजून," ते म्हणाले.

चंपतरावांनी आधी माझ्याकडे पाहिले, मग दादाजींकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "हा माणूस," ते हळूच म्हणाले, "दंडारीत माह्यं कुलूप घेऊन गेल्ता."

हर्षाली तेव्हा अगदी लहान होती. पण दंडार तिने पाहिली होती, आणि आरतीनंतर होणारा तो हशाही तिला आठवत असावा. कारण ती दादाजींसमोर जाऊन बसली आणि पहिल्यांदाच तिने नीट प्रश्न विचारला.

"दादाजी, खेळ कवा संपते?"

"आरती झाल्यावर."

"मंग आता करू आरती."

"अशी कशी करतं? सारे खेळवाले पाह्यजे. एक कमी हाय."

म्हणजे गाठ अशी बसली होती: किल्ली मिळाल्याशिवाय खेळ संपत नव्हता, खेळ संपल्याशिवाय किल्ली मिळत नव्हती, आणि दोन्हींसाठी जो हवा होता त्यालाच तिने चोर म्हणून हाकलले होते. हर्षालीने फोन लावला. प्रवीणने उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. ती चपला घालून निघणार एवढ्यात दारात प्रवीणच उभा राहिला.

"पॉवर बँक राह्यला माह्या," तो कोणाकडेही न पाहता म्हणाला.

पॉवर बँक पेटीजवळच होता. तो त्याने उचलला. तेवढ्यात हर्षाली म्हणाली, "प्रवीण, किल्ली तू नाई घेतली."

"हे तू मले सांगून राह्यली?"

"साऱ्यांसमोर चोर म्हटलं तुले. म्हणून साऱ्यांसमोरच सांगते. चुकलं माह्यं."

प्रवीणने पॉवर बँक या हातातून त्या हातात घेतला. "मंग चोर कोण?"

"आमी सारे," बयनाबाई म्हणाल्या. "पोरीनं गुपचूप एकेकाले चोर बनवलं. तुलेच तेवढं नाई."

"मले काऊन नाई?" प्रवीणने विचारले. त्याला खरेच वाईट वाटलेले दिसले.

"तू कॅमेऱ्यामांगं होता," हर्षाली म्हणाली. "तुले एकट्यालेच म्या खोटं नाई सांगतलं."

"अन् चोर बी मलेच म्हटलं."

"हो."

"धन्य हाय," प्रवीण म्हणाला. त्याने विटांवर फोन उभा केला आणि कोणी न सांगता बटण दाबले. कार्ड नसले तरी एवढी जागा फोनमध्ये होती.

बयनाबाईंनी घरून पितळी ताटली आणि तेलाचा दिवा आणला. चंपतरावांनी बँडवाल्याचा कोट पुन्हा चढवला. भर दुपारी रिकाम्या गोदामात आरती झाली. सूर कोणाचाच लागला नाही. आरती संपली आणि दादाजी उठले. धोतराच्या ओच्यातून त्यांनी किल्ली काढली आणि सगळ्यांदेखत हर्षालीच्या तळहातावर ठेवली.

"घे. चोरी फिटली," ते म्हणाले. मग पुढे म्हणाले, "काईच न चोरता चोर बनाले सांगतं. असं सोंग म्या कवा नाई केलं, पोरी."

हर्षालीने किल्ली माझ्यात घातली आणि फिरवली. मी उघडले नाही.

कोणी म्हणेल मुद्दाम. तसे नव्हते. वर्षानुवर्षांचा गंज होता आणि त्यावर चंपतरावांचा घाव. तिने पुन्हा फिरवून पाहिली. सगळे माझ्याकडे पाहू लागले. अगदी जवळून आणि अगदी वाईट नजरेने. दुसऱ्यांवर संशय घेत आले मी, आज पाच जणांचा संशय माझ्या एकट्याच्या पोटात होता. सोमवार माझ्या आत अडकला होता. तेव्हा बयनाबाई वाकल्या आणि त्यांनी आरतीच्या दिव्यातले तेल माझ्या भोकात ओतले. कोमट तेल. किती वर्षांनी कोणी मला तेल दिले, ते मला आठवेना. हर्षालीने जरा थांबून, हलक्या हाताने किल्ली फिरवली.

मी उघडले.

प्रवीणने चेहरे घेतले नव्हते. फक्त हात घेतले होते: दादाजींचा हात, हर्षालीचा तळहात, बयनाबाईंचा दिवा आणि मी. त्यामुळे हर्षालीचा कुर्ता दिसला नाही आणि निजामाचा काळ वाचला. तेच शेवटचे दृश्य झाले. सोमवारी पहिल्या बसने हर्षाली आणि प्रवीण कार्ड आणि फोन घेऊन गेले. पुढे हैदराबादहून बोलावणे आले, आणि बी.एड.च्या फॉर्ममध्ये चंपतरावांनी कोणाला तरी शेंगदाणे बांधून दिले.

चित्रपट सगळ्यांनी दुकानातल्या टीव्हीवर पाहिला. शेवटी किल्ली परत देणारा हात चौकीदाराचा निघालेला पाहून बयनाबाई हिरमुसल्या. "म्हणजे चोर मी नोतीच," त्या म्हणाल्या. चंपतराव अजून गिऱ्हाइकाला तेल मोजता मोजता विचारतात, "पण संशय माह्यावरच जास्त येते ना?"

हैदराबादला जाण्याआधी हर्षाली बयनाबाईंकडे आली होती. मी आता त्यांच्या पेटीवरच असते. प्रवीण, चंपतराव आणि दादाजीही होते. तिने किल्ली प्रवीणपुढे धरली.

"तुह्याजवळ ठेव."

"नाई पाह्यजे. हरपली त पुन्हा मीच."

मग तिने चंपतरावांना विचारले, ते नाही म्हणाले. बयनाबाई म्हणाल्या, माझ्याने जपवत नाही. दादाजींना कोणी विचारले नाही. शेवटी हर्षालीने आरतीच्या ताटातला लाल दोरा घेतला, किल्ली माझ्याच कडीला बांधली आणि मला ओढून न पाहताच ती गेली.

तेव्हापासून माझी किल्ली माझ्या गळ्यात आहे. असल्या कुलपाने कोणावर संशय घ्यायचा, हे मला कोणी शिकवलेले नाही. दादाजी कधीमधी बयनाबाईंकडे चहाला येतात. येताना बोटाला तेल लावून आणतात आणि माझ्या भोकात सोडतात. किल्लीकडे पाहत नाहीत. मी मात्र त्यांच्या हाताकडे पाहते.

मित्रांनो, तुमच्याही घरी खिळ्याला टांगलेले एखादे कुलूप असेल. त्याला वर्षातून एकदा तेल द्या. पोचा पडल्यावर दिलेल्या तेलापेक्षा आधी दिलेले तेल कमी लागते. आणि तुमची किल्ली कधी हरवली तर एकेकाला गंजीमागे नेऊन विचारू नका. सगळ्यांना एकत्र बसवा आणि सगळ्यांसमोर विचारा. गंजीमागे विचारले की प्रत्येक जण चोर दिसतो, आणि जो दिसत नाही तो तर दिसतोच दिसतो.

बरे, आता या तुम्ही. पण जरा थांबा. दोरा जागेवर आहे ना, एवढे पाहू द्या.